चौकातले आकाश

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसास 'ईसीआयएल' ही अक्षरे नवीन नाहीत. शहराच्या ईशान्येकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या कपाळी ती लिहिलेली असतात. आम्हीही ती लहानपणापासून वाचीत आलो आहोत. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या सरकारी कारखान्याचे ते आद्याक्षरी नाव, आणि कारखान्यावरून पुढे त्या सगळ्या भागालाच ते मिळाले, एवढे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या कारखान्याच्या कचेरीची इमारत कोणी रचिली, हा प्रश्न आमच्या मनात कधीही उद्भवला नाही. पुस्तक हाती आले की आपण लेखकाचे नाव पाहतो. गाणे कानी पडले की गायक कोण ते विचारतो. ज्या छपराखाली सारे आयुष्य जाते त्याचा कर्ता मात्र आपण विचारीत नाही. डोंगर उगवावा तशी इमारत आपोआप उगवते, अशीच जणू आपली समजूत असते.

आमची ही समजूत दूर झाली ती आमच्याच घराच्या निमित्ताने.

काचीगुड्याच्या एका गल्लीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. दगडी जोते, चुन्याच्या जाड भिंती, लाकडी खांब, शहाबादी फरशी आणि मध्यभागी चौक. चौकाच्या एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचा हौद. घराच्या साऱ्या खोल्या ह्या चौकाकडे तोंड करून बसलेल्या. एका खोलीतून दुसरीत जावयाचे तर चौकाच्या काठाने जावे लागे. त्यामुळे घरात कोण उठले, कोण रुसले आणि कोणाचा अभ्यास झाला नाही, हे साऱ्यांना न सांगताच कळे. आमचा परवचा ह्याच चौकात झाला आणि उन्हाळ्यात अंथरुणेही येथेच पडली. नक्षत्रांची ओळख आम्हांस पुस्तकातून झाली नाही. ती अंथरुणावर पडल्यापडल्या झाली.

गतवर्षी घर पाडून फ्लॅट बांधण्याची गोष्ट निघाली. येथे कोणासही दोष देणे योग्य होणार नाही. घराचे वाटेकरी चार. छप्पर दोन ठिकाणी गळते. डागडुजीचा खर्च कोणासही झेपत नाही. आणि वृद्ध आत्याबाईंस रात्री चौक ओलांडून न्हाणीघराकडे जाणे कठीण झाले आहे. खाली वाहनतळ, वर चार मजले, आणि प्रत्येक वाटेकऱ्यास एकेक फ्लॅट, अशी योजना घेऊन बिल्डर आला. आमचे दादा हिशेबाचे पक्के. त्यांनी टेप घेऊन चौक मोजला. तो सोळा फूट लांब आणि चौदा फूट रुंद भरला.

"दोनशे चोवीस चौरस फूट," दादा म्हणाले. "चार मजल्यांचे मिळून आठशे शहाण्णव. म्हणजे एक लहानसा फ्लॅटच झाला. एवढी जागा आपण आजवर आकाशाला फुकट देत आलो!"

हिशेबात चूक नव्हती, म्हणून आम्ही गप्प राहिलो. आत्याबाई मात्र बोलल्या. त्या म्हणाल्या, "माझे लग्न ह्या चौकात लागले. अण्णांना शेवटचे स्नान ह्या चौकात घातले. नव्या घरात ती जागा कोठे आहे, तेवढे मला नकाशावर दाखव."

नकाशा दादांच्या हातून आमच्या हाती आला. आम्ही तो उलटसुलट करून पाहिला. जिना सापडला, लिफ्ट सापडली, वाहनतळ सापडला. आत्याबाई विचारीत होत्या ती जागा सापडली नाही. "तू पुस्तके वाचतोस ना? मग ह्यातून काही वाट निघते का ते शोध," असे म्हणून दादांनी तो नकाशा आमच्याकडेच ठेविला.

अशा रीतीने घरे बांधणाऱ्यांची पुस्तके आम्ही प्रथमच हाती घेतली, आणि त्यांत ज्या एका माणसाने आम्हांस जवळजवळ हात धरून बसविले त्याचे नाव चार्ल्स कोरिया. त्यांच्या कामांची यादी वाचता वाचता आम्ही एका ओळीवर थबकलो. ईसीआयएलची कचेरी, हैदराबाद, १९६८! आणि चरित्राची पहिलीच ओळ होती ती अशी की, त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादेत झाला. ज्याच्या शोधात आम्ही जगभरची पुस्तके चाळू पाहत होतो तो मनुष्य आमच्याच जुळ्या शहरात जन्मलेला निघाला.

कोरियांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात झाले. पुढे १९४९ मध्ये ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले आणि तेथून मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात. लहानपणी त्यांस खेळण्यातल्या आगगाडीचे विलक्षण वेड होते. रूळ कसे टाकावे, गाडी कोठून वळवावी, स्थानक कोठे ठेवावे, ह्यांचे आराखडे ते कागदावर काढीत बसत. इमारतीचा नकाशा वाचण्याची दृष्टी आपणांस त्या खेळातूनच आली, असे ते मोठेपणी सांगत. वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. मात्र गणिताच्या तासाला गुरुजींस हे उदाहरण देऊ नये.

१९५८ मध्ये कोरियांनी मुंबईस स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तो काळ नव्या बांधणीचा होता. फ्रान्समध्ये कीर्ती पावलेले महान वास्तुशिल्पी ल कॉर्बुझ्ये त्या सुमारास चंदीगडची नवी राजधानी उभारीत होते. त्यांचे उघडे काँक्रीट, उन्हास अडविणाऱ्या खोल खोबणी आणि निर्भय आकार पाहून देशातील तरुण वास्तुशिल्पी भारून गेले होते. कोरियाही त्यांतलेच. ह्या फ्रेंच गुरूपासून त्यांनी पुष्कळ घेतले. परंतु शिष्याने गुरूचे अक्षर गिरवावे तसे त्यांनी ते गिरविले नाही. भव्य काँक्रीट उभारण्याइतका पैसा ज्या देशात नाही, विजेवर हवा थंड करणे ज्या देशास परवडत नाही, त्या देशातले घर कसे असावे, हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता.

त्याचे पहिले मोठे उत्तर त्यांनी अहमदाबादेस साबरमती आश्रमात दिले. गांधीजींच्या पत्रांचे व वस्तूंचे जे संग्रहालय तेथे आहे ते कोरियांनी रचिले आणि १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोरिया त्या वेळी अवघे तेहतीस वर्षांचेही नव्हते. सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असे लहान लहान चौरस, विटांचे खांब, वर उतरती कौले, खाली दगडी फरशी, हवेसाठी लाकडी झडपा. काचेची खिडकी नावालाही नाही. ह्या चौरसांपैकी काही भिंतींनी बंद, काही केवळ छप्पर असलेले, काही अगदी उघडे, आणि मध्ये पाण्याचे एक कुंड. खेड्यातल्या घरांतून हिंडावे तसे ह्या वास्तूतून हिंडता येते. जगभर नाव झालेल्या महात्म्याचे स्मारक म्हणून कोणी शंभर फुटांचा घुमट उभारला असता. कोरियांनी गावातल्या पडवीएवढी उंची पुरेशी मानली. आणखी खोल्या लागल्या तर त्याच मापाचे चौरस पुढे जोडता यावेत, अशीही सोय त्यांनी ठेविली. जिवंत घर वाढते. म्हणून घराच्या रचनेत वाढीला जागा असावी, हा विचार तेव्हापासून त्यांच्या कामात दिसतो.

त्यांच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचा पाया मात्र एकच, आणि तो म्हणजे हवामान. इमारतीचा आकार तिच्या उपयोगावरून ठरावा, असे पाश्चात्त्य वास्तुशास्त्र सांगत आले. कोरियांनी त्यात भर घातली की, आपल्या देशी तो ऊन, वारा आणि पाऊस ह्यांवरून ठरावा. थंड देशात घर म्हणजे बंद पेटी. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंती, तावदाने, दारे सारी घट्ट. आपल्याकडे मात्र वर्षाचे कितीतरी दिवस असे की, सकाळी ओट्यावर, दुपारी माजघरात, संध्याकाळी अंगणात आणि रात्री गच्चीवर मनुष्य सुखाने राहू शकतो. तेव्हा आपले घर म्हणजे केवळ भिंतींच्या आतली जागा नव्हे. आकाशाला उघडी असलेली जागा हीसुद्धा घरातली खोलीच होय, आणि ती बहुधा सर्वांत स्वस्त खोली होय. हे वाचले तेव्हा आम्हांस दादांचा हिशेब आठवला. चौकाची जागा फुकट गेलेली नव्हती. ती एक खोली होती, आणि तिचे छप्पर बांधण्याचा खर्च तेवढा वाचला होता.

आमच्या हैदराबादचेच उदाहरण घ्या. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेसतरा अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास, सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. दुपारी बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळाने उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ह्याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः छपराकडून. सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन पूर्व आणि पश्चिम भिंतींवर येते, दक्षिण-उत्तर भिंती त्या मानाने निवांत असतात. हे ज्याने ओळखले तो प्रथम छपराची काळजी घेईल आणि मग पश्चिमेच्या खिडकीची.

ईसीआयएलच्या कचेरीत कोरियांनी हेच केले. कामाच्या जागा त्यांनी मधल्या मोकळ्या जागेभोवती मांडल्या, वर उन्हाची धार मोडणारा काँक्रीटचा जाळीदार मांडव घातला आणि छपरावर पाण्याचा पातळ थर ठेवण्याची योजना केली. ते पाणी वाफ होताना छपराची उष्णता घेऊन जाते. मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. विजेची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याची कचेरी माठाच्या युक्तीने गार ठेवावी, ह्यात आम्हांस मोठी मौज वाटली. पुढे १९९१ च्या सुमारास गच्चीबावलीस पुऱ्या झालेल्या जवाहरलाल नेहरू विकास बँकिंग संस्थेची वास्तूही त्यांचीच. आज त्याच बाजूला काचेने मढविलेल्या उत्तुंग इमारतींची रांग उभी आहे. त्या दिसतात देखण्या. परंतु दिवसभर ऊन आत घ्यावयाचे आणि दिवसभर वीज जाळून ते बाहेर काढावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम आहे.

आमच्या चौकाचे कार्यही आम्हांस आता कळू लागले. रात्री निरभ्र आकाशाकडे फरशी आपली उष्णता सोडते. गार झालेली हवा जड असल्यामुळे ती चौकात उतरते आणि भोवतालच्या खोल्यांत शिरते. सकाळी ऊन चढू लागले की आजी दारे लोटून घेण्यास सांगे आणि फरशीवर पाणी शिंपडवी. आम्ही ते सवयीचे काम समजत होतो. प्रत्यक्षात ती एक यंत्र चालवीत होती. कोरियांनी अहमदाबादेस गरिबांसाठी एक अरुंद, लांबट घर रचिले होते, त्यास नळीघर म्हणत. गरम हवा हलकी होऊन उतरत्या छताच्या पोटाने वर चढे, माथ्यावरील झरोक्यातून निघून जाई, आणि तिची जागा भरण्यास खालून गार हवा येई. पंखा नाही, वीज नाही. केवळ छताचा उतार. १९६१-६२ च्या सुमाराचे ते घर पुढे पाडले गेले. चांगली घरेही पाडली जातात, हे तेव्हाच आमच्या लक्षात आले.

परंतु कोरियांस केवळ हवेची युक्ती साधावयाची नव्हती. त्यांस खरी चिंता होती ती, ज्याच्यापाशी घरच नाही त्याची. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या पदपथांसाठी एक योजना सुचविली. दिवसा फेरीवाल्याने बसावे असा ओटा पदपथाच्या कडेला बांधावयाचा. संध्याकाळी नळाच्या पाण्याने तो धुवावयाचा. आणि रात्री ज्यास निजावयास जागा नाही त्याने तेथे पाठ टेकावी. ज्यांस आपण अडथळा म्हणतो त्यांस त्यांनी नकाशात जागा दिली.

बेलापूरची वसाहत ही ह्याच विचाराची पुढची पायरी. नव्या मुंबईत १९८३ ते १९८६ ह्या काळात ती उभी राहिली. भूखंड लहान, पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरांचे. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर चौरस असे एक सामाईक अंगण. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण. मग त्याहून मोठे. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीस चिकटलेली नाही, कारण ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्याने शेजाऱ्यास न विचारता आपले घर वाढवावे. गरिबाचे घर आणि त्याहून बऱ्या स्थितीतल्याचे घर ह्यांच्या भूखंडांत फार अंतर नको, हाही त्यामागचा हेतू. आज तेथे पुष्कळांनी मूळ घरे पाडून नवी, उंच घरे बांधली आहेत. कोणी म्हणेल, मग कोरियांचे राहिले काय? अंगणे राहिली! भिंती बदलल्या, मोकळी जागा टिकली. आम्हांस वाटते, ज्याने घर बांधताना रिकामी जागाच आधी बांधली, त्याचे काम असेच टिकावयाचे.

ह्यावर दादांनी आम्हांस योग्य शंका विचारली. ते म्हणाले, "बेलापुरात जमीन होती. काचीगुड्यात साडेतीनशे गजांवर चार बिऱ्हाडे बसवावयाची आहेत. मजल्यावर मजले चढविले की चौक कोठून आणणार?"

त्याचे उत्तर मुंबईच्या कंबाला हिलवर 'कांचनजंगा' ह्या इमारतीत उभे आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेली ही अठ्ठावीस मजल्यांची, सुमारे चौऱ्याऐंशी मीटर उंचीची इमारत. तीत बिऱ्हाडे केवळ बत्तीस. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला. परंतु कडक ऊन आणि पावसाचा मारा हेही पश्चिमेचेच. जुन्या बंगल्यात खोल्यांभोवती व्हरांडा असे व तो हे सारे अंगावर घेई. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल, मोकळ्या गच्च्या त्यांनी कोरल्या. उंच इमारतीतही प्रत्येक घरास आपले आकाश देता येते, हे तीवरून सिद्ध झाले. मात्र ती घरे धनिकांची आहेत हेही सांगितले पाहिजे. श्रीमंतास जे शंभर मार्गांनी मिळू शकते ते मध्यम स्थितीतल्या कुटुंबास मिळवून देणे, हे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

कोरियांस अपयशही थोडे आले नाही. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६४-६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे काही वर्षे कोरिया तेथे मुख्य वास्तुशिल्पी होते. सरकारने आपल्या कचेऱ्या प्रथम तिकडे न्याव्या म्हणजे माणसे मागोमाग जातील, असे त्यांचे म्हणणे. नवी मुंबई वसली. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. पुढे १९९६ मध्ये गिरणगावातील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींचा आराखडा त्यांच्या समितीने दिला. त्या वेळच्या नियमाने ह्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे व्हावयाचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागांस, एक सर्वसामान्यांच्या घरांस आणि एक मालकास. २००१ मध्ये नियमच बदलला आणि लोकांचे दोन वाटे आक्रसले. ज्या गिरण्यांत कोकणातल्या आणि घाटावरच्या मराठी कामगारांच्या पिढ्या राबल्या, त्यांच्या जागी आज मनोरे आणि बाजारपेठा आहेत. आमच्या घरातला वाद आणि मुंबईतला हा वाद एकाच जातीचा आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले. मोकळी जागा कोणाच्या वाट्यास यावयाची, एवढाच दोन्हीकडे प्रश्न. फरक इतकाच की, आमच्या घरात निर्णय घेणारे चौघे एका ताटात जेवलेले आहेत.

मोकळ्या जागेस अर्थ कसा देता येतो, हे पाहावयाचे असेल तर पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' पाहावी. खगोलशास्त्राच्या ह्या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि तिचे संस्थापक संचालक होते डॉ. जयंत नारळीकर. वास्तू कोरियांची. भिंती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या आणि मध्ये पायऱ्या उतरत जाणारे मोकळे कुंड. तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन ह्यांचे पुतळे आहेत. देवळापुढील कुंडाचा आकार घेऊन त्यांनी तो विश्वाचा विचार करणाऱ्यांच्या पुढे ठेविला. तेथील विद्वानांचा अभ्यासविषय आकाश. आणि त्यांच्या घराचा मध्यही आकाशच.

असाच आकाशाला उघडा असा भोपाळचा भारत भवन, असेच जयपूरचे जवाहर कला केंद्र, आणि मांडवीच्या काठी पणजीची कला अकादमी. ह्या अकादमीच्या दुरुस्तीचे काम चालू असता २०२३ च्या जुलैत तेथील खुल्या नाट्यगृहावरील छत कोसळले, तेव्हा गोव्यातील रसिक हळहळले. १९८४ मध्ये इंग्लंडच्या वास्तुशिल्पी संस्थेचे राजसुवर्णपदक आणि २००६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान कोरियांस लाभले. १६ जून २०१५ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. सन्मानांची यादी ह्याहून मोठी आहे. परंतु आत्याबाईंचा प्रश्न सोडविताना पदके उपयोगी पडत नव्हती; उपयोगी पडत होते ते बेलापूरचे आठ मीटरांचे अंगण.

दिवाळीनंतर आमच्या घरी पुन्हा बैठक भरली. आम्ही बिल्डरच्या नकाशावर पेन्सिलीने एक चौकोन काढून नेला होता. वाहनतळापासून गच्चीपर्यंत आरपार मोकळा, बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. प्रत्येक मजल्यावर त्याच्या काठाने एक सज्जा, आणि चारही घरांची दारे त्या सज्जाकडे. तळाशी तुळस. बिल्डर हसला. एकशेवीस चौरस फूट, चार मजले; चारशे ऐंशी चौरस फुटांचे पैसे कोणी सोडावयाचे, एवढेच त्याने विचारले. प्रश्न सरळ होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर दादा म्हणाले, "चौघांनी सारखे सोडावयाचे. प्रत्येकी एकशेवीस. माझी बैठकीची खोली लहान झाली तरी चालेल." हिशेब त्यांनीच केला आणि पहिली सही त्यांनीच केली. ज्यांस आम्ही मनातून रुक्ष म्हणत होतो, त्यांच्यापुढे आम्ही त्या दिवशी खजील झालो.

सौदा पुरता झाला असे मात्र आम्ही म्हणत नाही. सोळा बाय चौदाचा चौक जाऊन बारा बाय दहाचा येत आहे. चार मजल्यांच्या तळाशी तो पुष्कळसा विहिरीसारखा दिसेल. तेथे लग्न लागणार नाही. उद्या कोणी पावसाचे निमित्त करून वर पत्रे टाकील, कोणी सज्जात कपाट आणून ठेवील. आकाश एकदा मिळवून भागत नाही. ते रोज राखावे लागते. आत्याबाईंस आम्ही नवा नकाशा दाखविला तेव्हा त्यांनी बोटाने तो चौकोन चाचपला आणि विचारले, "ह्यात ऊन येईल का?"

आम्ही गणित मांडून सांगितले की, हिवाळ्यात तळापर्यंत येणार नाही. मात्र मे महिन्याच्या ९ तारखेस, दुपारी बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास, ते सरळ तुळशीवर येईल.

येत्या पावसाळ्यानंतर आमचे घर पाडावयाचे आहे. तेव्हा ह्या जुन्या चौकातला हा शेवटचा मे महिना. त्या दिवशी दुपारी आम्ही सारे चौकात एक काठी उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहणार आहोत. आत्याबाई खुर्ची टाकून बसणार आहेत. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या सुट्टीतही ती दुपार येईल. तुम्ही आपल्या घरी एक काठी घ्या आणि तिला उभी करण्यास आकाशाखालची जागा शोधा. ती अंगणात सापडली, गच्चीवर सापडली की रस्त्यावर जावे लागले, हे आपल्या वहीत टिपून ठेवा. तुमच्यापैकी जे कोणी उद्या घरे रचतील त्यांस ती नोंद उपयोगी पडेल.